बंडी काहून नाही थांबवली?

रुचिका : ...अन हे पाहा, आबाजी. दोन दिवसांत दीड लाख लोकायनं पायलं! सिहोऱ्याच्या पोट्ट्यायनं तं बसस्टँडवर नाचून रील टाकली याच्यावर.

कवडू : मोबाइल जरा दूर धर व. आवाज माहाच हाय, पन खाली हे धाडधाड काय वाजून राह्यलं?

रुचिका : बीट हाय ते. त्याच्याबिगर कॉलेजातले पोरं आयकतच नाहीत. आपले उमेदवार हेमराजभाऊ लय खूश. म्हणे, "रुचिका, तुह्या आज्यानं पंचेचाळीस सालं आंधीच माहा प्रचार करून ठेवला!"

कवडू : त्याचा कायचा? तवा तं त्याचा जलम बी नव्हता.

रुचिका : तुमच्या जुन्या कॅसेटमधून तवाच्या उमेदवाराचं नाव कापलं मी. बाकी तुमीच. "मत दे गे बाई, मत दे गे माय, तलावाचं पानी धानाच्या बांधीत जाय."

कवडू : काय दिवस होते, बाप्पा! बंडीवर दोन भोंगे, बैलायच्या शिंगाले झेंडे, अन अंकुश भोंगेवाला सारं टेपात भरत माह्या बाजूले. गावात शिरलो का लोक धानाचं चुरणं सोडून पळत येत. दारादारातून सवाल येई, तो बी गान्यातच. आमी गान्यातच जवाब देऊ. जवाब देल्ल्याबिगर बंडी पुढं न्यायची नाही, असा रिवाज होता.

रुचिका : भारीच!

कवडू : पन "जाय" म्हटल्यावर एका बाईचा आवाज होता. तो कुठी गेला?

रुचिका : तो? मंधातच कोनी वरडून राह्यलं होतं. मले वाटलं गर्दीचा कल्ला हाय. उडवला.

कवडू : उडवला?

रुचिका : काय झालं, आबाजी? डोये काहून भरले?

कवडू : तुही आजी होती ते.

रुचिका : कुंताआजी?

कवडू : आजी कायची, अठरा सालची पोट्टी! सिहोऱ्याले बापाच्या दारात धान पाखडत होती. मी तोऱ्यात गायलो, अन तिनं सूप खाली न ठेवता सवाल फेकला.

रुचिका : पुरी कॅसेट मोबाइलात भरून ठेवली हाय मी. थांबा, लावते.

(मोबाइलवर खरखर, मग एका मुलीचा कोवळा, ठसक्याचा आवाज : "पानी कवा येते, गानेवाल्या, तारीख सांगून जाय!")

कवडू : तीन सालं झाले तिले जाऊन. आज आयकला तिचा आवाज.

रुचिका : मंग तुमी काय जवाब देल्ला?

कवडू : काय देतो? उमेदवारानंच मले तारीख सांगतली नव्हती. बैलायच्या शेपट्या पिरगाळल्या अन पळालो. पन त्या आवाजानं झोप येऊ देल्ली नाही. हप्त्याभरानं लाजत लाजत सोयरीक घेऊन गेलो. लग्न केलं तिनं, पन चाळीस सालं भाकर थापता थापता इचारे, "गानेवाल्या, बंडी काहून नाही थांबवली?"

रुचिका : अन तलाव?

कवडू : जाऊन पाय. गाळानं भरला. अर्ध्यात पोट्टे क्रिकेट खेळतात.

रुचिका : हेमराजभाऊ बी तेच म्हणून राह्यले, तलावाचं पानी देतो. तारीख त्यायनं बी नाही सांगतली.

कवडू : कोनी इचारत नाही?

रुचिका : इचारतात ना लोक. रीलच्या खाली लिहितात. मीच पुसून टाकते, आबाजी. मले तेच काम देल्लं हाय.

कवडू : मंग तू बी माह्याच बंडीवर बसली, माय.

रुचिका : असं नका बोलू. लय लागते.

कवडू : मले बी लागलं होतं. जलमभर.

रुचिका : आजीचा आवाज परत टाकते. बीट नाही, काही नाही. नुसता तिचा सवाल.

कवडू : नको व. हाकलून देतीन तुले. पह्यलंच काम, किती हौसेनं धरलं तू.

रुचिका : मतदान बी माहं पह्यलंच हाय. एवढंच सांगा, बंडी थांबवू का हाकलू?

कवडू : थांबव. आंधी तिले पुरं बोलू दे.