मिरचीचा धूर

सौदीतल्या अझीझिया भागातल्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या शर्मिलाच्या मागे कोकणातलं एक जोडपं बोलत होतं. तिचे कान आपसूक तिकडे लागले.

"मिरच्या तव्यावर भाजल्या, घरभर धूर झाला, तरी एकालाही ठसका लागला नाही. नजर लागलीय तुम्हाला."

"शरफू, त्या मेक्सिकोच्या मिरच्या. ही जात तिखट नसते. भाजून, भिजवून लसणाबरोबर वाटल्या की साल्सा, त्यांची चटणी, तयार."

"आणि हे सगळं त्या सौदीला शिकवलंत."

"मला काढून हॉटेलात माझ्या जागी घेतलं त्याला. शिकवायला नको? माझ्या शेवटच्या दिवशी मिरच्याही त्यानेच बांधून दिल्या."

"म्हणजे नजर नाहीच?"

"नाही गं."



"असती तर बरं झालं असतं. उतरवता तरी आली असती."