येतो म्हणून गेलेली लहर

(स्वयंपाकघरातलं टेबल. एका बाजूला लेकीचा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला आईचा लसूण. मध्ये बाबा.)

लेक : बाबा, हात नका लावू. चालू आहे ते.

बाबा : मी नुसता बघतोय. बस डेपोत तीस वर्षं टाइमकीपर होतो. चालत्या गोष्टीला हात न लावता बघण्याचाच पगार होता.

लेक : मग बघा. स्क्रीनवर ही धातूची चौकोनी नळी, मधोमध हे वळण. या तोंडातून रेडिओलहर सोडायची. शंभर भाग सोडले, तर आठ भाग परत येतायत.

बाबा : आणि यायला नकोत.

लेक : एकही नको. पाच वाजता आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम ठरवणार, कारखान्यात माझं वळण कापायला द्यायचं की दुसऱ्या गटाचं. दीड वर्ष घासलंय मी हे वळण. आता चार वाजून गेले.

बाबा : परत येते ती किती वाजता येते?

लेक : म्हणजे?

बाबा : अगं, गाडी लवकर डेपोत आली की ड्रायव्हर शपथेवर सांगायचा, शेवटच्या स्टॉपला जाऊन आलो. मी त्याचं तोंड बघायचो नाही, घड्याळ बघायचो. टोकाला जाऊन आली की अर्ध्यातूनच वळवली, घड्याळ बरोबर चुगली करतं.

लेक : थांबा. वळणावरून परतली तर दोन नॅनोसेकंदांत यायला हवी. ही येतेय... चारला. बाबा, चारला येतेय.

बाबा : म्हणजे वळण निर्दोष. टोकाला कोण बसलंय?

लेक : कोणीच नाही. खरी नळी पुढे लांबच लांब जाते. कॉम्प्युटरात जागा संपते, म्हणून मी ती तिथे तोडली आणि लहर गिळणारा थर लावला. सीमेची अटच तशी आहे, गेलेली लहर गेलीच पाहिजे.

बाबा : ही गेली नाही. ही ‘येतो’ म्हणून गेली. तुझ्या मामासारखी. दारात ‘येतो’ म्हणतो आणि चप्पल न घालताच परत कोचावर.

आई : माझ्या भावाशिवाय यांचं वाक्य पुरं होत नाही.

लेक : पण थर आहे ना तिथे. बारीक बारीक घरांचा, पहिल्या घरापासून पूर्ण ताकदीचा.

आई : पहिल्यापासून पूर्ण ताकद? मग बाबांवरच गेलीस. एकदा यांनी त्याला तोंडावर सांगितलं, आता निघा. तो दारापर्यंत पोचलेला माणूस तिथूनच फिरला, बॅग खाली ठेवली आणि चार दिवस राहिला.

बाबा : पाच.

लेक : मग तू कसं घालवतेस त्याला?

आई : मी कुठे घालवते? आधी कप उचलते. मग पंखा एकने कमी करते. थोड्या वेळाने खिडकी लावते. आणि मग यांना डेपोच्या आठवणी सांगायला बसवते. कधी बाहेर पडला, त्याचं त्यालाही कळत नाही.

लेक : हळूहळू. आई, मी एकदम सगळी ताकद लावली. लहरीला तो थर भिंतच वाटला असणार, आली आपटून परत.

बाबा : मला यादीत सगळ्यात शेवटी का घातलंय?

आई : ताकद शेवटी वाढवायची असते.

लेक : दोघंही गप्प बसा जरा. पहिल्या घराला जवळजवळ शून्य, दुसऱ्याला किंचित, मग चढत चढत... आणि शेवटी बाबा. सोडली.

बाबा : एक. वळणावरून पुढे गेली.

लेक : दोन. टोकाला पोचली. आई, लसूण ठेव आणि बघ.

आई : बघतेय.

बाबा : तीन... चार. गाडी आलेली नाही.

लेक : पाच. सहा. बाबा, हजारात एक भागसुद्धा नाही. दीड वर्ष मी त्या बिचाऱ्या वळणाला शिव्या देत होते.

बाबा : नोंद कर. वळण वेळेवर, तक्रार नाही.

लेक : चार चाळीस. रिक्षा मिळाली तर पोचते. मॅडमनी विचारलं, हे सुचलं कुठून, तर काय सांगू?

आई : घरून म्हणावं. मामाचं नाव घेऊ नकोस.

लेक : बरं, जाते मी.

बाबा : जाते नाही म्हणायचं.

लेक : येते.

बाबा : ये. मी घड्याळ बघत बसतो.