राणीच्या चेहऱ्यावरचा कागद

सादाए : हातमोजे घातल्याशिवाय राणीबाहुलीला हात लावू नकोस म्हणून कितीदा सांगायचं!

चिनात्सु : घातलेत, आई. हे बघ. हातमोज्यांना चिकटलं म्हणून तर कळलं. हिचा झगा तेलकट झालाय.

सादाए : काहीतरीच. मागच्या मार्चात चांगला कोरडा दिवस बघून आपण दोघींनी खोक्यात बांधून ठेवली तिला.

चिनात्सु : मग हा डाग कसला? खांद्यापासून निघालाय तो थेट खालच्या घोळापर्यंत.

कोतोने : आई, राजाला पण लागलंय?

चिनात्सु : नाही गं. त्याचं खोकं वेगळं. तो अगदी टवटवीत आहे.

सादाए : असणारच. घरात काही सांडलं की ते बाईच्याच अंगावर सांडतं.

चिनात्सु : थांब. हा वास… कापराचा ना?

सादाए : मग? कापूर नको ठेवायला? माझी आई ठेवायची, मीही ठेवते.

चिनात्सु : कधी ठेवलास?

सादाए : जुलैत, पावसाळा संपल्यावर. तू औषधाच्या दुकानात कामावर होतीस. माझ्याकडे किल्ली आहे. आले, थोडाच उरला होता तो राणीच्या खोक्यात ठेवला, गेले.

चिनात्सु : मला न सांगता?

सादाए : माझ्या बाहुलीला कापूर ठेवायला तुझी परवानगी काढू?

चिनात्सु : अगं, आत मी डांबरगोळ्या टाकल्या होत्या!

सादाए : कधी?

चिनात्सु : बांधताना. तू चहा ठेवायला उठलीस तेव्हा. तुला सांगितलं असतं तर तू टाकू दिल्या असत्यास का?

सादाए : मुळीच नाही.

चिनात्सु : झालं तर. दोन्ही एका खोक्यात आले की पाझरतात, आई. एरवी दगडासारखे कोरडे, पण शेजारी ठेवले की वितळायला लागतात. त्यात आपला इथला ऑगस्ट.

सादाए : दिवसभर काउंटरपलीकडे उभी राहून लोकांना बजावतेस, हे औषध त्या औषधाबरोबर घेऊ नका. राणीच्या वेळेला बरी गप्प बसलीस.

कोतोने : आजी, भारी!

चिनात्सु : दात काढू नकोस, कोतोने. बाहुल्या मांडायच्या पायऱ्यांवरचं लाल कापड सरळ कर.

सादाए : राहू दे ते कापड. घडी कर त्याची. सगळ्या बाहुल्या देवळात नेऊन देऊ. भटजी प्रार्थना करतात, मग अग्नीला देतात. रीतसर निरोप होतो.

चिनात्सु : एका डागासाठी?

सादाए : पोरीवर येणारं संकट बाहुली स्वतःवर घेते. हिनं कोतोनेचं काहीतरी घेतलंय. अशी बाहुली घरात ठेवत नाहीत.

चिनात्सु : हे संकट नाही, रसायन आहे.

कोतोने : पण आजी, ऑक्टोबरमध्ये माझा हात मोडला. तो का नाही घेतला हिनं?

सादाए : डावा मोडला ना? उजवा वाचला.

चिनात्सु : वा! आई, तुझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. दर फेब्रुवारीत या सात पायऱ्यांपायी मी जेवणाचं टेबल गॅलरीत ढकलते. महिनाभर आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्यानं जेवतो. बाहुल्यांचा सण संपला की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुझा फोन. आवरल्या का, उशीर झाला तर पोरीचं लग्न लांबेल. माझ्या वेळी तू वेळच्या वेळी आवरल्यास. लग्नही वेळेवर झालं माझं. वेळेवर मोडलंही. तरी मी मांडतेच ना? आणि आता तू म्हणतेस, देऊन टाकू?

सादाए : मी गेल्यावर तू देणारच आहेस. त्यापेक्षा मी असताना, माझ्या हातानं जाऊ देत.

चिनात्सु : कोण म्हणालं मी देणार?

सादाए : तूच. गेल्या वर्षी. कोतोनेला राजा-राणीचा छोटा जोड घेऊ, शेल्फवर मावेल, म्हणालीस.

चिनात्सु : पाठ मोडली होती माझी पायऱ्या उचलून, म्हणून म्हणाले! वर्षभर हेच मनात धरून बसलीस?

सादाए : मी लहान असताना पूर आला, त्या रात्री माझ्या आईनं आधी ही खोकी माळ्यावर चढवली, मग मला. तिला जोड नको होता शेल्फवरचा.

चिनात्सु : तिच्याकडे माळा होता, आई! माझ्याकडे दोन खोल्या आहेत.

कोतोने : तुम्ही नुसत्या भांडताय. हिचा चेहरा अजून कुणी बघितलाच नाही. कागद तसाच आहे.

सादाए : बघायचं काय त्यात? शिंपल्यांच्या पुडीचा लेप तो. एकदा लागलं की लागलं. पुसताही येत नाही.

चिनात्सु : हे बघ, चेहरा गेला असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. मीच फोन करते देवळात. सोड कागद.

सादाए : तू सोड. हातमोजे तुझ्या हातात आहेत.

(चिनात्सु कागद सोडवते.)

कोतोने : हनुवटीशी पिवळं झालंय.

चिनात्सु : गालावरही. डाव्या. …ठीक आहे, आई. तू म्हणशील तसं. नंबर दे देवळाचा.

सादाए : घाई काय आहे तुला?

चिनात्सु : मला घाई? आत्ता तूच…

कोतोने : मला चालेल ही. डोळे तसेच आहेत की.

सादाए : तुला चालून काय उपयोग? तीन मार्चला सणाला तुझ्या मैत्रिणी येतील. त्यांना दिसणार नाही?

कोतोने : त्यांचं सगळं लक्ष तांदळाच्या गोड मोचीकडे असतं, आजी.

चिनात्सु : आई, काहीतरी एक सांग. हिला असं अधांतरी धरून माझा हात भरून आला.

सादाए : मग धरून काय उभी आहेस? बसव वर. मुकुट कलतोय बघ, तो सरळ कर. आणि तिच्या डाव्या अंगाचा दिवा जरा लांब ठेव, त्या गालावर उजेड नको.