न मारलेले शॉट

बसच्या रांगेत नर्सबाईंच्या पुढे एक कॉलेजकन्या उभी होती. बास्केटबॉलची जर्सी परत करायला निघाली होती. धापा टाकत तिच्या भावाने तिला गाठलं.

"दादा, अडवू नकोस. अख्ख्या सीझनमध्ये माझे जेमतेम चार बास्केट. कुठल्या तोंडाने टीममध्ये राहू?"

"आणि तुझा बचाव? सगळ्या मॅचचे व्हिडिओ बघून मोजलाय मी. तू बाहेर असताना समोरच्यांना शंभर वेळा बॉल मिळाला, तर ते एकशेचार पॉइंट करतात."

"आणि मी आत असले की?"

"एक्क्याऐंशी!"

"त्या टीम लिंबूटिंबू असतील."

"तेही जमेत धरलंय. तगड्या टीमसमोर फरक उलट वाढतो! तू जिला धरतेस, तिला बॉलच मिळत नाही. न मारलेला शॉट स्कोअरबोर्डवर कसा दिसेल, वेडाबाई?"

"हे सरांना कोण सांगणार?"

"आत्ता सांगूनच आलो."

"काय म्हणाले?"

"आधी खेकसले. मग म्हणाले, फायनलला पहिल्या पाचात घेतो."

"दादाऽऽ! खोटं बोललास तर बघ!"

बस आली, दार उघडलं, तरी दोघं हलेनात. नर्सबाईंना राहवेना.

"अगं, फायनल कधी आहे?"

"रविवारी, काकू!"

"रविवारी माझी ड्यूटी आहे," त्या म्हणाल्या, "बदलून घेते."