मारका मासा

टाकीतला काळा मासा कुठं गेला म्हणून विचारता ना, तर ऐका. त्यानं लाल माशाची शेपटी कुरतडून टाकली होती. मी लाल मासा बादलीत काढला, पाण्यात खडेमीठ टाकलं, अन् शेपटी भरून आल्यावर त्याला पुन्हा टाकीत सोडायला निघालो.

तेवढ्यात आमचे आबा आले. त्यांचा सारा जन्म शेळ्या राखण्यात गेला. त्यांच्या हातात माझ्या बहिणीची, सुमनची पिशवी होती. नवऱ्यानं मारलं म्हणून ती माहेरी आली होती, अन् आबा तिला हट्टा गावाला सासरी सोडायला निघाले होते.

"काय करून राहिला रे?"

"बरा झालाय आबा. परत सोडतो."

"येडा हाईस का? मार खाल्लेली शेळी परत कळपात सोडली की तिलाच पुन्हा मारतेत. आमी मारकी असंल तिला अलग बांधतो."

सुमन दारात चप्पल घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग आबा, मला काहून परत सोडून राहिले तुमी?"

आबांनी पिशवी आत नेऊन खुंटीला अडकवली. मग माझ्या हातातली जाळी घेतली अन् काळा मासा स्वतः दुसऱ्या बादलीत काढला.

तवापासून तो मागं परसात एकटाच हाये. तुमी पिताय तो चहा सुमननंच केलाय.