मामंजींचा काळा-पांढरा फोटो

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तो फोटो स्टेटसला टाकला आणि तिथूनच सगळं सुरू झालं. फोटो काढायला शिकायचं म्हणून आपण गटातल्या बाया रोज एक काढतो ना, आजचा होता काळा-पांढरा. ओटीवर मामंजी बसलेले, त्यांचाच काढला. आपल्याकडे माणूस गेल्यावर असा फोटो लावतात, हे ध्यानातच नाय आलं. बाळाला न्हाऊ घालून येते तर स्टेटसखाली सगळ्यांनी हात जोडलेले!

शेजारची काकू धावत आली. "कधी गेले गो?"

मामंजीच म्हणाले, "कुठं जातोय? चहा व्हायचाय अजून."

स्टेटसवरून फोटो लगेच काढून टाकला. तेवढ्यात मुरबाडहून आत्याबाईंच्या, म्हणजे मामंजींच्या बहिणीच्या, सुनेचा फोन, "आई रडत एसटीत बसल्या." माझ्या लग्नात मानाचं लुगडं राहिलं म्हणून त्या चार वर्षं भावाशी बोलत नायत. त्यांना बीपी, जवळ फोन नाय. माझा जीव थाऱ्यावर नाय.

मामंजींनी हळूच विचारलं, "खरंच निघाली?"

तर बायांनो, आमच्या शहापूर स्टँडवर म्हातारी रडताना दिसली तर सांगा, भाऊ ठणठणीत आहे. पुढं सगळ्यांना कळवा. पण त्यांना माघारी फिरू देऊ नका, मामंजी दाढी करायला बसलेत.