भंडाऱ्याचं भ्या गेल्यावर

माझं माहेर कऱ्हाटीचं, दिलं इंदापूरच्या अंगाला. माहेरी खंडोबा, त्यामुळं काय सांगू तुमाला, भंडाऱ्याचं लई भ्या. कुनाचं भांडान तुटंना झालं की पंच म्हनायचं, उचल बेलभंडारा. त्यो हातात घिऊन जो खोटं बोलला त्याचं घर बसतंय, असं आई सांगायची, आन् आमी पोरी सैपाकाच्या हळदीला हात लावतानासुदीक खरं बोलायचो, हसू नगा!

लग्नानंतर आमचं मालक लोणी देवकरला कंपनीत वाचमन लागलं, तितल्या एका सोबत्यासंगं प्रार्थनेला जाऊ लागलं, पुढं आमी दोघांनीबी बाप्तिस्मा घेतला. पाळकसाहेब म्हनलं, बाई, आता कशाला भ्यायचं न्हाय, येशूनं माफी दिली ती आपल्या कमाईनं न्हवं, त्याच्या कृपेनं. बरं वाटलं, पर डोस्क्यात किडा वळवळायला लागला, भ्याच न्हाय तर मानसाला धरून ठिवनार कोन?

आमचं शेत धाकल्या दिरासंगं एकत्र. शेजारच्या गयाबाईचा नवरा वारलेला, एकटी बाई. दिरानं नांगरताना तिचा बांध कोरला, तिच्या रानाच्या दोन सऱ्या आमच्यात घेतल्या. मी भाकरी घिऊन गेलते, डोळ्यांनी बघितलं. म्हनलं, भावजी, ह्ये बरं न्हवं, तर म्हनलं, तुमी भाकरी वाढा. गयाबाईनं पंच बसवलं. पंच म्हनलं, तुमच्या घरातल्या कुनीबी भंडारा उचलून बांध कोरला न्हाय म्हनावं, मिटलं. आता दीर भ्याला. माझ्या चुलीपाशी येऊन बसला, वैनी, तुमीच उचला की, तुमाला भंडारा बाधत न्हाय, आन् पाप झालंच तर तुमचा देव माफ करतूय. बघा आता! न्हाय म्हनावं तर घर फुटतंय, व्हय म्हनावं तर त्या बाईची जमीन जाती.

राग आला, पर त्याचं बोलनं इचार करन्यासारखं हुतं का न्हाय? गावात एसटीडीचा बूथ नवा झालता, तितनं पाळकसाहेबास्नी फोन लावला. इचारलं, खोटं बोलले तर माफी हाय का? हाय, म्हनलं. मग बोलू का? तर म्हनलं, बाई, तुला माफी मिळंल, गयाबाईच्या सऱ्या तिला कोन दील? मीटर पळत हुतं, मी फोन ठिवला.

देवळापुढं समदा गाव बसला. भंडाऱ्याचं ताट पुढं आलं. मी म्हनलं, न्हाय उचलायची, बिनभंडाऱ्याचंच सांगते, बांध आमी कोरलाय. भ्या असं वाटलंच न्हाय, ह्येचंच मला नवल. भ्या असतं तर आधी दिराला भ्याले असते, व्हय का न्हाय?

गयाबाईच्या सऱ्या गयाबाईला गेल्या. दिरानं चूल येगळी केली, बोलनं बंद. मी तरी दर नाताळाला करंज्यांचं ताट धाडते. आपल्यात ताट कुनी रिकामं परत करत न्हाय, पर तितनं धुऊन रिकामंच यायचं. मालक म्हनायचं, कुनी सांगितलंय तुला धाडाया? कुनीबी न्हाय, म्हनून तर धाडते, म्हनलं. औंदा ताट आलं तर त्यात मूठभर साखर. बोलत न्हाईत अजून भावजी. देव त्यांचं बरं करो, मी त्या साखरेचा च्या केला आन् मालकानं आन् मी बसून पिला.